आधी रीत, मग यंत्र
(सावदा येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कामकाजात तिसरा विषय असा आहे: गावोगावच्या गटांनी कापूस एकत्र विकायचा, त्यासाठी नोंदणीचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे की नाही. तरुण मंडळींनी मेहनत घेऊन माहिती आणली आहे, मोबाईलवर करूनही दाखवले आहे. कापूस उतरला की नोंद, ट्रक निघाला की नोंद, पैसे आले की नोंद, आणि प्रत्येकाच्या फोनवर निरोप. दिसायला छान आहे. आमचे म्हणणे एवढेच, की हा विषय तिसरा नव्हे, तेरावा असायला हवा. त्याच्या आधीचे बारा विषय कामकाजात आलेलेच नाहीत.

गैरसमज नको. आम्ही यंत्राचे वैरी नाही. बीटी कापसाच्या बियाण्यावरून शहरातले विद्वान ओरडत होते तेव्हा ‘बियाणे कोणते पेरायचे ते शेतकरी ठरवील’ असे ठणकावून सांगणारी ही चळवळ आहे. मोबाईललाही आमचा विरोध नाही. पण कोणते काम कोणी करायचे, कोणत्या तारखेपर्यंत करायचे, कोणाच्या सहीने पुढे जायचे, आणि चुकले तर दुरुस्त कोणी करायचे, एवढ्या गोष्टी ठरल्या म्हणजे कामाची रीत ठरली. रीत ठरलेली नसताना यंत्र आणले तर काय होते, ते आपण सगळ्यांनी आपल्या अंगावर सोसले आहे. कर्जमाफीच्या रांगेत उभे राहून सोसले आहे.

जून २०१७ आठवा. पुणतांब्याहून ठिणगी पडली, १ जूनला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, दूध-भाजी शहरात जाणे थांबले. २४ जूनला सरकारने ३४ हजार २२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होणार असा आकडा सांगितला. नाव दिले छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. ‘माफी’ या शब्दाला आपला आक्षेप जुना आहे. माफी गुन्हेगाराला असते, आणि शेतमालाचे भाव पाडून आपल्याला कर्जात लोटणारेच माफी देण्याचा आव आणतात. तो विषय आज बाजूला ठेवू. आज फक्त काम कसे झाले ते पाहू.

घोषणा झाली तेव्हा पात्र कोण हेच पक्के नव्हते. शासन निर्णयात आधी २०१२ पासूनचे कर्ज होते, ओरड झाल्यावर ते २००९ पासूनचे झाले, पुढे २०१८ मध्ये २००१ ते २००९ मधल्या थकबाकीदारांनाही आत घेतले. दीड लाखाची मर्यादा एका माणसाला नव्हे, कुटुंबाला. आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व १८ वर्षांखालची मुले. दीड लाखाच्या वर कर्ज असेल तर वरची रक्कम आधी भरा. नियमित फेडणाऱ्याला २५ टक्के, पण २५ हजारांच्या आत. ही सगळी कलमे अजून हलत असताना, २४ जुलैपासून संगणकावर अर्ज भरणे सुरूही झाले.

मग काय झाले ते सांगायला नको. आपले सरकार केंद्रासमोर रात्रीपासून नंबर. पेरणी झालेली, निंदणी-कोळपणीचे दिवस, आणि अंगठा द्यायला नवरा-बायको दोघांनी यायचे. वीज आहे तर जोडणी नाही, जोडणी आहे तर पोर्टल बंद. ज्याने जन्मभर निंदणी केली त्या बाईच्या बोटाच्या रेघा झिजलेल्या, यंत्र म्हणते ठसा जुळत नाही. मुदत १५ सप्टेंबर होती, ती २२ सप्टेंबर झाली.

आता इथे एक प्रश्न विचारू. शेतकऱ्याच्या कर्जाची माहिती कोणाकडे असते? बँकेकडे आणि विविध कार्यकारी सोसायटीकडे. कर्ज देताना उतारा घेतला, सही घेतली, जामीन घेतले. मग तीच माहिती शेतकऱ्याकडून अर्जात पुन्हा का मागितली? एक माहिती अर्जातून आली, दुसरी बँकांकडून मागवली. बँकांना ६६ रकाने भरून द्यायला सांगितले. दोन्ही संगणकात टाकायच्या आणि संगणकाने त्या जुळवायच्या, असा बेत. पण सोसायटीच्या वहीत नाव एका तऱ्हेने असते, सातबाऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने, आणि आधारवर इंग्रजीत तिसऱ्या तऱ्हेने. आपल्याकडे कुणाच्या नावात ‘भाऊ’ असतो, कुणाचे आडनाव आधी लागते, कुणाच्या सातबाऱ्यावर अजून वडिलांचेच नाव असते. गटसचिव नुसते पाहून सांगेल की हे तिन्ही एकाच माणसाचे आहेत. संगणकाला ते कोणी शिकवायचे? आणि जुळले नाही तर ते प्रकरण कोणाच्या टेबलावर जायचे? त्याचे उत्तर तेव्हा कुठेच लिहिलेले नव्हते.

१८ ऑक्टोबर २०१७, दिवाळीचे दिवस. मुंबईत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत समारंभ झाले, शेतकरी जोडप्यांना साडी-चोळी, धोतर आणि कर्जमाफीचे प्रमाणपत्र. पुढच्या काही दिवसांत बातम्या आल्या: प्रमाणपत्र हातात आहे, खात्यात पैसा नाही. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली. हिरवी यादी, पिवळी यादी असे रंग आले. न जुळलेली प्रकरणे तपासायला तालुक्याच्या समित्या नेमल्या, त्या याद्यांचा घोळ झाल्यानंतर. म्हणजे जे काम पहिल्या दिवशी, एका तालुक्यात, कागदावर करून पाहायला हवे होते, ते शेवटी केले. पाच वर्षांचा कारभार संपेपर्यंत प्रत्यक्षात जमा झालेली रक्कम घोषणेच्या निम्म्याहून थोडी अधिक भरली. पात्र ठरूनही पैसे न मिळालेल्या काहींना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिले, ‘सॉफ्टवेअरचा घोळ’. सरकारनेही तेच सांगितले. आम्हाला ते पटत नाही. सॉफ्टवेअरने सांगितले तेच केले. सांगणाऱ्यांचेच ठरलेले नव्हते.

याचा पुरावा दोनच वर्षांनी मिळाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये दुसरे सरकार आले, त्याने महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना काढली. संगणक तेच, आधार तेच, सेवा केंद्रे तीच, जिल्हा बँका आणि सोसायट्याही त्याच. पण काम सुरू करण्याआधी रीत बदलली. पहिली गोष्ट, अर्जच नाही. ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुद्दल आणि व्याज मिळून दोन लाखांपर्यंत थकबाकी असेल तो पात्र. एक तारीख, एक रक्कम. माहिती बँकेने द्यायची, कारण ती बँकेकडेच आहे. ज्यांची खाती आधारशी जोडलेली नाहीत त्यांची यादी आधी फळ्यावर लावून ती जोडून घ्यायची. मग पात्र नावांची यादी गावात चावडीवर आणि बँकेत लावायची, प्रत्येक नावापुढे एक विशिष्ट क्रमांक. शेतकऱ्याने तो क्रमांक, आधार आणि पासबुक घेऊन केंद्रावर जायचे. पडद्यावर आपल्या नावावरची रक्कम दिसते. ती मान्य असेल तर अंगठा द्या, पावती घ्या, रक्कम खात्यात येईल. मान्य नसेल तर ‘अमान्य’ म्हणा, आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जाईल.

ते ‘अमान्य’ म्हणण्याचे ठिकाण नीट लक्षात ठेवा. २०१७ मध्ये ते नव्हते. यादीत नाव आले तर आले, नाही तर का नाही हे सांगणारा कोणी नव्हता.

आणि आणखी एक शहाणपणा केला. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लावली ती फक्त ६८ गावांची, प्रत्येक जिल्ह्यातली दोन गावे, सुमारे १५ हजार शेतकरी. तिथे अंगठे घेऊन पाहिले, अडचणी पाहिल्या, आणि मग राज्यभराच्या याद्या काढल्या. मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी आली, अंगठा घेणे थांबले, काम रखडले, ते वेगळे. तरी तीस लाखांहून अधिक खाती त्यातून मोकळी झाली.

ती योजना चांगली होती असे आम्ही म्हणत नाही. दोन लाखांच्या वर एक रुपया गेला तो बाहेर राहिला. नियमित फेडणाऱ्याला ५० हजार देण्याचे कबूल केले, ते पैसे २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत लोंबकळले. आमचे भांडण दोन्ही सरकारांशी होते. पण एकाच यंत्राने एकदा चिखल केला आणि एकदा काम केले, तर फरक यंत्रात नव्हता हे कबूल करावे लागते.

कुणी म्हणेल, कागदच बरा होता. तेही खरे नाही. २००८ ची केंद्राची कर्जमाफी बहुतेक कागदावरच झाली. ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेले, ३१ डिसेंबर २००७ ला थकलेले आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न फेडलेले कर्ज, याद्या शाखेच्या फळ्यावर. नियम स्वच्छ होता. पण नियम कोणासाठी केला? पाच एकरांपर्यंत पूर्ण माफी, त्याच्या वर २५ टक्के सवलत, तीही उरलेले भरले तर. बागायती चार एकरवाला माफ झाला आणि आपल्या पारोळा, अमळनेर, शिंदखेड्याकडचा मुरमाड बारा एकरवाला मोठा शेतकरी ठरला! शिवाय यादी बँकेने करायची आणि तपासायचीही बँकेच्याच माणसांनी. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. देशभरातली ९० हजारांवर प्रकरणे तपासली, त्यात शंभरातल्या बावीसपेक्षा जास्त प्रकरणांत चूक किंवा गडबड. म्हणजे नुसती तारीख आणि रक्कम ठरवून भागत नाही. करणारा आणि तपासणारा वेगळा हवा.

आता आपल्या खान्देशातलेच उदाहरण घेऊ. रीत म्हणजे शासन निर्णयाचा कागद असे ज्यांना वाटते त्यांनी साक्रीकडे जाऊन यावे. पांझरेवर, मोसमवर शेकडो वर्षे फड पद्धत चालली. नदीत बांध घालून पाट काढायचा. पाटाखाली भिजणारे क्षेत्र म्हणजे थळ, थळाचे तुकडे म्हणजे फड. एका फडात एकच पीक, पुढच्या वर्षी पीक फिरवायचे. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत तुकड्यातुकड्यांनी, त्यामुळे एका फडाचे नुकसान ते सगळ्यांचेच नुकसान. पाणी देणारा पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाही. गुरे-ढोरे, चोरी यावर नजर ठेवायला जागल्या. दोघांवर हवालदार. मोबदला पिकातून. पाट उकरायला कोणी किती माणसे द्यायची तेही ठरलेले.

पाणी कमी पडले तर? हाच खरा कसोटीचा प्रश्न. त्याचेही उत्तर आधीच ठरलेले होते: एक फड कमी करायचा. पुढाऱ्याच्या शेताला पाणी आणि गरिबाच्या शेताला धूळ असे नाही. फडच बंद, म्हणजे त्या फडात ज्याची ज्याची जमीन त्या सगळ्यांचे पाणी बंद. वही नाही, शिक्का नाही, अभियंता नाही. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. पण इतकी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली पाण्याची वाटणी कुठल्या यंत्रावर चालली नव्हती. आम्ही कोरडवाहू, आम्हाला पाटाचे काय, असे म्हणू नका. पाण्याच्या जागी कापसाचा पैसा धरा.

मोबाईलवरच्या पीक पाहणीकडेही जरा असेच बघा. आधी गाव नमुना १२ वर पिकाची नोंद तलाठी करायचा. नियमात होते की गावात दवंडी द्यायची, शिवारात जायचे, शेतकऱ्यांसमोर पीक पाहायचे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी चावडीत बसून मागच्या वर्षीचे पीक पुढे ओढले जायचे. दादर पेरलेल्या शेतात कापूस आणि कापसाच्या शेतात पड. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोटो काढून नोंद करायची. आपल्या मते ही गोष्ट चांगली झाली, कारण आपल्या पिकाची नोंद आपल्या हातात आली. आणि त्यात एक लहानसे कलम आहे, तेच सगळ्यात कामाचे: चूक झाली तर ४८ तासांच्या आत आपली आपण दुरुस्त करता येते. पण ४८ तास उलटले, किंवा फोनच नाही, किंवा शिवारात रेंज नाही, किंवा म्हातारी एकटी राहते, मग काय? तिथे पुन्हा तलाठ्याचे दार. दोन आठवडे अतिवृष्टी झाली आणि नोंद राहून गेली, तर पुढे भरपाई मागताना सातबारा कोरा. सरकारी कापूस खरेदीतही आता तसेच झाले आहे. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी केलेल्यांचाच कापूस घेण्याचे ठरवले. लांब धाग्याला ८ हजार ११० रुपये हमीभाव, पण तिथे पोचायचे तर सातबाऱ्यावर कापसाची नोंद हवी. म्हणजे ऑगस्टमध्ये फोटो राहिला तर डिसेंबरमध्ये कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर. एका ॲपमधली चूक दुसऱ्या ॲपमध्ये जाते. मधे हात घालून दुरुस्त करणारा माणूस नेमलेला नसेल तर ती आपल्या खिशापर्यंत येते.

ही गोष्ट आपल्याच अडाणी मुलुखात होते असे समजू नका. इंग्लंडसारख्या देशात टपाल खात्याने १९९९ पासून गावोगावच्या पोस्ट चालवणाऱ्यांना होरायझन नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर दिले. संध्याकाळी हिशेब केला की गल्ल्यात पैसे कमी दिसायचे. लोक म्हणत, आम्ही घेतलेले नाहीत. वरून उत्तर, यंत्र चुकत नाही, तुम्ही चोर. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे गुन्हे शाबीत झाले. कोणी तुरुंगात गेले, कोणाची घरे गेली, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितले की त्या सॉफ्टवेअरमध्येच दोष होते, आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. वीस-पंचवीस वर्षे गेली. ‘यंत्राचा आकडा मला मान्य नाही’ असे सांगायला त्या पोस्टवाल्याला कोणाकडे जायचे तेच ठरलेले नव्हते.

आता आपला विषय. एकत्र कापूस विकायचा. सावद्याच्या केळीवाल्यांकडे बघा, त्यांची केळी वर्षानुवर्षे रेल्वेने दिल्लीकडे जातात. केळी थांबत नाही. कापणी, भरणी, गाडी यांची वेळ चुकली तर माल सडतो. म्हणून तिथे कोणाची केळी कधी कापायची हे आदल्या दिवशी ठरलेले असते. आपला कापूस सडत नाही, घरात पडून राहतो, म्हणून आपल्याला वाटते की ठरवू सावकाश. तो सावकाशपणाच व्यापाऱ्याच्या पथ्यावर पडतो.

दसऱ्याला पहिली वेचणी येईल. गावात कापूस कोणाच्या वाड्यात उतरवायचा? भाडे द्यायचे की नाही? किल्ली किती, आणि कोणाकोणाकडे? आम्ही म्हणतो दोन कुलपे, दोन माणसे, ती एका भावकीची नसावीत. काटा कोणाचा? तो सकाळी तपासायचा, ज्ञात वजन ठेवून, जमलेल्यांसमोर. वजनाची पावती तीन प्रती: एक शेतकऱ्याला, एक वाड्यात, एक तालुक्याला. पावतीवर पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, नाव, वजन, ओलावा, प्रत. शेतकऱ्याची सही तिथेच. वजन मान्य नसेल तर तिथेच पुन्हा तोलायचे, नंतर नाही.

ओलाव्यावरून भांडणे होतील, हे आजच सांगून ठेवतो. महामंडळ ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, १२ पर्यंत घेते, आणि ८ च्या वर एकेका टक्क्याला भाव कापते. ८ हजार ११० वर एक टक्का म्हणजे क्विंटलला साधारण ८१ रुपये. एकाने दव असताना वेचलेला १२ टक्क्यांचा कापूस आणला, दुसऱ्याने वाळवून ८ चा आणला, दोन्ही एका गंजीत गेले, तर वाळवणाऱ्याने का सोसायचे? म्हणून गंजी वेगळ्या. पहिली वेचणी वेगळी, फरदड वेगळी. प्रत कोणी ठरवायची? त्या गावच्या माणसाने ठरवू नये. शेजारच्या गावच्या दोघांनी यावे आणि आपल्या गावच्या दोघांनी तिकडे जावे. आपल्याच भावाचा कापूस हलका म्हणायला कोणाचीही जीभ उचलत नाही, हे माणसाचे आहे, त्यात कोणाचा दोष नाही.

मग ट्रक. जिनिंगवर माल नाकारला तर परतीचे भाडे कोणाचे? हा प्रश्न विचारला की सगळे गप्प बसतात. तो आजच सोडवा. ज्या गंजीतला माल नाकारला त्या गंजीतल्या सगळ्यांवर वजनाप्रमाणे, की प्रत ठरवणाऱ्यांवर, की गटाच्या निधीतून? आमचे मत गटाच्या निधीतून, आणि त्यासाठी क्विंटलमागे ठरावीक रक्कम आधीच बाजूला काढायची. पण हे मत आहे, तुम्ही दुसरे ठरवा. काहीतरी ठरवा आणि लिहा.

पैसा. तो गटाच्या खात्यात येईल की थेट शेतकऱ्याच्या? गटाच्या खात्यात आला तर किती दिवसांत वाटायचा, आणि त्या मुदतीत वाटला नाही तर कोणी उत्तर द्यायचे? कापूस एकाधिकार खरेदीची आठवण ज्यांना आहे त्यांना हे सांगायला नको. १९७२ पासून ती योजना चालली, नियमांचे बाड होते, पण चुकारा कधी मिळणार याला तारीख नव्हती. सावकाराच्या व्याजाला मात्र तारीख असते. हमाली, वाराई, गाडीभाडे, निधी, जी काही कपात होईल ती पट्टीवर वेगवेगळी दिसली पाहिजे. ‘इतर खर्च’ या नावाचा रकाना पट्टीवर असताच कामा नये.

आणि मायबहिणींनो, तुमच्याकडे एक काम आहे. वेचणीची मजुरी किलोवर ठरते, वजन घरचा पुरुष करतो, वेचणारीच्या हाती कागद नसतो. गटाची पावती तीन प्रतींची करतोय तर वेचणीच्या वजनाचीही एक चिठ्ठी करा. आपण व्यापाऱ्याच्या काट्यावर संशय घेतो. आपल्या काट्यावर आपल्या मजुराने का घेऊ नये?

तरुणांना आमचे सांगणे आहे, रागावू नका. तुमचे सॉफ्टवेअर कामाला येणार आहे. दहा गावांच्या पावत्या एकत्र करायला, बेरजा मारायला, निरोप द्यायला माणसाची बोटे पुरणार नाहीत. पण त्याला काय विचारायचे ते आधी आपल्याला ठाऊक पाहिजे. कंपनीचा माणूस आला की तो आपल्याला विचारणार, ‘तुमच्याकडे प्रत कोण ठरवतो, नाकारलेल्या मालाचे काय करता?’ आपण ‘बघू’ म्हटले तर तो त्याच्या मनाने काहीतरी बसवून देईल, आणि मग पुढची दहा वर्षे आपण त्याच्या मनाप्रमाणे कापूस विकू. पैसे आपण द्यायचे आणि रीत त्याची!

म्हणून आमची सूचना अशी. या हंगामात सॉफ्टवेअर घ्यायचे नाही. प्रत्येक तालुक्यात दोन गावे निवडायची, एक कापसाचे पक्के आणि एक कापूस-दादर असे मिश्र. तिथे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कागदावर काम चालवायचे. प्रत्येक ‘अमान्य’ वेगळ्या वहीत लिहायचा: कोणी म्हटले, कशावरून, कोणी सोडवला, किती दिवसांत. ज्या गावच्या वहीत एकही ‘अमान्य’ नसेल त्या गावी आम्ही स्वतः येणार, कारण एवढा कापूस आणि एकही भांडण नाही हे आम्हाला पटणार नाही. संक्रांतीनंतरच्या बैठकीत त्या सगळ्या वह्या इथे मांडायच्या, आणि त्या पाहून सॉफ्टवेअरचा विषय घ्यायचा. तेव्हा तो तरुणांनीच मांडावा.

पावत्यांचा नमुना आणि बारा प्रश्नांचा कागद चक्रमुद्रित करून आणला आहे. प्रत्येक गावाने एकेक घेऊन जायचा, गावात बसून उत्तरे लिहायची, किमान अकरा जणांच्या सह्या घ्यायच्या, आणि पोळ्याच्या आत तालुक्याला पोचवायचा. सातवा प्रश्न परतीच्या भाड्याचा आहे. तो कोरा ठेवलेला कागद तालुक्याने घेऊ नये.